बाजार चालत नसेल, तर टॅगवर बाजार छापता कशाला?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ४० लिटर सॅकचा उजवा पट्टा उसवणे, वॉरंटी नाकारणे आणि वर मलाच शहाणपण शिकवणे

आज सकाळी तुमच्या माणसाने ‘आणखी काही मदत करू शकतो का, मॅम?’ असं विचारून फोन ठेवला. आधी कुठली मदत झाली होती म्हणून ‘आणखी’, ते काही मला कळलं नाही. हा माझा पाचवा फोन होता. सहावा करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

सॅक कुठली ते तुम्हाला सांगायला नको. राखाडी, पुढून सूटकेससारखी उघडणारी, ‘शहरी भटकंतीसाठी खास’. ४,७९९ रुपये, वॉरंटी दोन वर्षं. माझ्या पाठीवर ती एकूण तीन दिवस टिकली.

नोव्हेंबरात मी आणि माझी मावसबहीण अहमदाबादला गेलो. नवं अहमदाबाद नाही, कोटाच्या आतलं; २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं. पहिल्या दिवशी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळचा हेरिटेज वॉक केला. पोळांच्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांच्या, बोळांतून, पक्ष्यांना दाणे घालायचे कोरीव चबुतरे बघत, लांबेश्वरच्या पोळेत स्वतःच्याच घराच्या ओसरीवर बसलेल्या कवी दलपतरामांच्या पुतळ्याशेजारी फोटो काढून, थेट जामा मशिदीपर्यंत. दुसऱ्या दिवशी सिदी सैयद मशिदीची कोरीव दगडी जाळी. तोवर सॅकमध्ये पाण्याची बाटली आणि टोपी एवढंच होतं, त्यामुळे सॅक उत्तम वागली.

तिसऱ्या दिवशी खोली सोडली. रात्रीची गाडी होती, म्हणून सगळं सामान पाठीवर घेऊन बाजारात. राणीनो हजिरो म्हणजे शहर वसवणाऱ्या अहमदशाहच्या राण्यांच्या कबरी, आणि त्यांना खेटून चणिया-चोळ्यांची दुकानं. तिथे भाचीसाठी एक घेतली. ढालगरवाडात बांधणीची ओढणी. माणेकचौकात दिवसा सराफ बसतात, रात्री तिथेच पावभाजीचे तवे लागतात. आम्ही दुपारी तिथल्या भांडेवाल्याकडून पितळी मिसळणाचा डबा घेतला. माझं ओझं बघून बहीण चिडवायला लागली, तेव्हा भांडेवाल्याने हसत हसत आख्खी सॅक काट्यावर ठेवली. डब्यासकट ८ किलो ४०० ग्रॅम. फोटो जोडला आहे. तुमच्या टॅगवर कमाल वजन १२ किलो लिहिलंय. हे कृपया लक्षात ठेवा, कारण तुमच्या माणसाच्या ते पाचही फोनमध्ये लक्षात राहिलं नाही.

तिथून तीन दरवाजा या जुन्या वेशीशी आलो. तिथे चिमणाजी रघुनाथ या मराठा सुभेदाराने १८१२ मध्ये लावलेला देवनागरी लेख आहे : बापाच्या मालमत्तेत मुलीला हिस्सा द्यावा, आडकाठी करू नये. मी अक्षरं लावत उभी होते. धावत नव्हते, लोंबकळत नव्हते, कुणी ओढतही नव्हतं. खांद्यावर टर्र असा आवाज झाला आणि सॅक डावीकडे झुकून एका चपलांच्या हातगाडीवर आदळली. गाडीवाल्याच्या दोन चपला मला विकत घ्याव्या लागल्या. त्याचे पैसे मी मागत नाही, चपला बऱ्या आहेत.

कोपऱ्यावर एक मोची बसला होता. त्याने पट्टा उलटा केला, नखाने शिवण उघडून दाखवली. कापड कुठेही फाटलं नव्हतं. दोराही तुटला नव्हता. पट्ट्याची कड शिवणीत जेमतेम दोन-तीन धागे आत धरली होती, ती सुटून बाहेर आली. डाव्या पट्ट्याला मात्र कड चांगली बोटभर आत आहे. तो म्हणाला, “बेन, आमां कापड ज नथी लीधुं.” यात कापडच घेतलेलं नाही. तुमच्या कारखान्यात जे कुणाला दिसलं नाही ते त्याला चष्म्याशिवाय दिसलं. त्याने कड आत घेऊन मेणाच्या दोऱ्याने तीन ओळी मारल्या आणि ऐंशी रुपये घेतले.

आता आजचा फोन. हा मी सविस्तर सांगणार आहे, कारण ‘गुणवत्तेसाठी संभाषण रेकॉर्ड केलं जातं’ असं तुम्हीच सांगता, तर एकदा ऐका.

“मॅम, सॅकमध्ये नक्की काय होतं?”

मी सांगितलं. कपडे, ओढणी, डबा.

“कसला डबा?”

“पितळी. मिसळणाचा.”

तो थांबला. मला वाटलं लिहून घेतोय. मग म्हणाला, “मॅम, ही ट्रॅव्हल सॅक आहे. शॉपिंगसाठी नाही.”

मी विचारलं, प्रवासात माणूस बाजारात जात नाही का? तर म्हणाला, “बाजारातला वापर नॉर्मल यूजमध्ये येत नाही.” मी टॅग समोर घेऊनच बसले होते. त्यावर तुमचीच सॅक लावलेली मुलगी जुन्या बाजारात उभी आहे. मागे मिरच्यांचे ढीग आहेत, तांब्या-पितळेची भांडी टांगलेली आहेत. भांडी, साहेब! मी त्याला हे सांगितलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं देते : “तो फोटो प्रातिनिधिक आहे, मॅम. त्यात तिने काही विकत घेतलेलं दिसत नाही.”

मी बँकेत २९ वर्षं काउंटरवर काढली आहेत. लोकांना नाही म्हणायच्या सगळ्या तऱ्हा मला ठाऊक आहेत. ही नवीन होती, दाद देते.

पुढे म्हणाला, तुम्ही बाहेर दुरुस्ती करून घेतलीत, त्यामुळे वॉरंटी तशीही रद्द. रात्रीची गाडी होती हो! सॅक काय डोक्यावर घेऊन काळूपूर स्टेशन गाठायचं होतं? आणि मग परत, “वयाच्या मानाने तुम्ही ट्रॉली बॅग का नाही घेत?” वजन ८ किलो ४०० ग्रॅम होतं. पुन्हा लिहिते, कारण पुन्हा विसराल.

तुमची जुनी निळी सॅक माझ्याकडे अकरा वर्षं होती. राजगड, हरिश्चंद्रगड, तीन पावसाळे तिने नुसते भिजत काढले. चेन गेली, शिवण नाही गेली. त्याच भरवशावर दुकानात दुसरं काही न बघता ही उचलली. सुभेदाराचा शब्द दोनशे वर्षं भिंतीवर टिकून आहे, तुमचा तीन दिवसांत उसवला.

मला सॅक बदलून हवी आहे. पैसे परत देत असाल तरी चालेल. कूपन नको. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. २०१९ च्या कायद्याने ती मी राहते तिथेच करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. घरबसल्या ऑनलाइन होते. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, हे तुमच्या कायदेविभागाला सांगून ठेवा.

बिल, टॅगचा फोटो, काट्याचा फोटो आणि उसवलेल्या शिवणीचे चार फोटो सोबत आहेत. सॅक तपासणीला पाठवायची असेल तर कुरिअर तुम्ही पाठवा, आणि मोच्याच्या शिवणीला हात लावू नका. डावा पट्टा अजून तुमच्याच शिवणीवर आहे. जानेवारीत चांपानेरला जायचंय, त्याआधी काय ते कळवा.

आतापर्यंत तुमचीच ग्राहक,
डोंबिवली