उत्तरपत्रिका परत द्यावी, पण दुरुस्तीसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या, की पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका घरी येतात आणि आमच्या दांडिया बाजारात दरवर्षी तीच दोन वाक्ये कानी पडतात. ज्याला चांगले गुण पडले तो ‘मुळातच हुशार’ ठरतो, आणि ज्याला कमी पडले त्याची आईच त्याच्यादेखत शेजारणीला सांगते, ‘गणित आमच्या घराण्यातच नाही हो!’ ३४ वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या मला पहिले वाक्यही दुसऱ्याइतकेच घातक वाटते.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना काही कोडी घातली होती. ती सुटल्यावर काहींच्या बुद्धीची, तर काहींच्या मेहनतीची तारीफ केली. पुढे मुद्दाम अवघड कोडी देऊन अपयश चाखवल्यावर, बुद्धीची तारीफ झालेली मुले पहिल्यासारख्या सोप्या कोड्यांतही मागे पडली आणि आपले गुण इतरांना कळवताना त्यांतील बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. हुशारीचा शिक्का एकदा बसला, की तो जपण्यासाठी मूल काय काय करते, हे वर्गात उभे राहिलेल्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते.

खरे तर बडोदेकरांना यासाठी इतक्या लांबचा दाखला नको. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाले, तेव्हा त्यांना १२ वर्षे पूर्ण झाली होती आणि त्यांचे शिक्षण अक्षरओळखीपासून सुरू करावे लागले. आजच्या प्रगतिपुस्तकाने त्या मुलाविषयी काय लिहिले असते, याची कल्पना केलेली बरी! त्याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायदा संपूर्ण संस्थानाला लागू केला.

मात्र ‘मेहनत कर, जमेल’ एवढे म्हणून शिक्षकाचे काम संपत नाही. चुकीच्या रीतीने तीन तास बसलेल्या मुलाला आणखी दोन तास बसायला सांगणे हा निव्वळ छळ आहे. सहावीतली कितीतरी मुले एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे लिहितात, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. त्यावर लाल फुली मारली, तर मुलाला फक्त आपण चुकलो एवढेच कळते. उलट ‘अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्धीपेक्षा कमी कशी झाली?’ असे विचारले, की ते स्वतःच थबकते, पुन्हा आकडे पाहते, आणि छेद समान का करायचे हे त्याला त्या क्षणी जे उमगते ते फळ्यावर दहा वेळा सांगूनही उमगलेले नसते. मी स्वतः पहिली कित्येक वर्षे उत्तरपत्रिका उतरत्या क्रमाने नावे पुकारून वाटत असे. शेवटच्या पाच-सहा मुलांनी पेपर न पाहताच घडी करून दप्तरात कोंबलेले मला अजून आठवते.

म्हणून शाळाचालकांना माझी विनंती अशी, की घटक चाचणीची उत्तरपत्रिका गुण न लिहिता, केवळ चुकलेल्या पायरीखाली रेघ ओढून परत द्यावी. मुलाने दोन दिवसांत ती पायरी दुरुस्त करावी, कुठे घसरलो ते एका ओळीत लिहावे, आणि मगच गुण द्यावेत, ज्यांत दुरुस्तीचाही वाटा असावा. ‘एवढा वेळ कुठून आणायचा?’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्यात उच्च प्राथमिक वर्गांसाठी एका शिक्षकामागे ३५ विद्यार्थी हे प्रमाण असले, तरी माझ्या वर्गात साठ मुले असत. तेव्हा मी प्रत्येक चाचणीतला एकच प्रश्न दुरुस्तीसाठी निवडत असे, आणि साठ मुलांच्या त्या दुरुस्त्या वाचायला मला साधारण एक तास पुरत असे.

आपला नम्र,
एक निवृत्त गणितशिक्षक
दांडिया बाजार, बडोदे