रोख शहराला, उधारी गावाला

दि. 8 ऑक्टोबर 2025

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा उलटला की आपल्या पेपरची पानं वाढतात आणि वाढलेल्या पानांवर जाहिरातीच असतात. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर उतरले, तेव्हापासून तर टीव्ही, एसी आणि मोटारसायकल ओलांडल्याशिवाय बातमी सापडत नाही. जाहिरातीवर पेपर चालतो हे कळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या आठवडी बाजारात पणत्या घेऊन बसणाऱ्या बाईच्या मालावर जीएसटी आधीही नव्हता आणि आताही नाही. तिचा भाव उतरायला जागाच नाही, म्हणून तिची जाहिरातही नाही. तिच्याबद्दल आणि गावातल्या किराणावाल्याबद्दल, शिंप्याबद्दल चार शब्द छापून यावेत म्हणून हे पत्र.

आमचा भंडारा जिल्ह्यातला सगळा भाग धानाचा. पऱ्हे (धानाची रोपं) टाकल्यापासून रोवणी आटोपेपर्यंत घरात पैसा येत नाही, नुसता जातो. रोवणीच्या बायांची मजुरी रोख, ट्रॅक्टरवाल्याचा चिखलणीचा पैसा रोख. उरतं काय, तर तेल, साखर, चहापत्ती, साबण, पोरांच्या वह्या. हे सगळं गावातल्या दुकानातून वहीवर येतं. "रोवना आटपला का देजा, वैनी," एवढ्यावर व्यवहार होतो. कागद नाही, जामीनदार नाही, सिबिल नाही. रोवणा आटोपतो, पैसे दिले जात नाहीत. मग पोळा जातो, गणपती जातो. दुकानदार ओट्यावर बसून असतो, आपण थोडं पलीकडून जातो. हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच लाजण्यात अर्थ नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास हलका, म्हणजे लवकर येणारा, धान निघतो. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये आणि 'अ' दर्जाचा 2,389 रुपये क्विंटल ठरला. पण खरेदी केंद्रावर काटा कधी लागेल आणि पैसे खात्यात कधी पडतील याची वाट दिवाळी पाहत नाही. म्हणून बहुतेक कास्तकार सणापुरती काही पोती खासगी व्यापाऱ्याला कमी भावात घालतात. म्हणजे दिवाळीत आपल्या हाती येते ती रोकड मुळात घाट्याची असते. ती कुठे जाते ते पाहा. थोडी मोबाइलवरच्या सेलमध्ये जाते, थोडी ब्रह्मपुरी-भंडाऱ्याच्या कापड दुकानात, आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांची नागपूरला. पार्सलवाल्या पोराची मोटारसायकल त्याच किराणा दुकानासमोर थांबते आणि आपलं घर कुठलं ते तो त्याच दुकानदाराला विचारतो. दुकानदार हात करून दाखवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली रोख शहराला मिळते आणि उधारी गावाला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हा माणूस नव्या वहीला हळदकुंकू लावतो आणि पहिल्या पानापासून आपल्या नावापुढे 'मागील बाकी' लिहीत जातो. नव्या वहीची पूजा आणि जुनीच बाकी! मग तोही गोंदियाच्या ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल आणतो, उधारीचा माल महाग पडतो, आणि आपण म्हणतो गावात सगळं महागच मिळतं.

याला दुसरी बाजू आहे, ती लपवायची नाही. काही दुकानदार उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव वाढवून लावतात. मुदत संपलेलं बिस्किट लहान पोराच्या हातात देणारेही आहेत. कापड बदलून मागितलं की तोंड फिरवणारे आहेत. गावातला आहे म्हणून काहीही खपवून घ्या, असं मी म्हणत नाही. आणि रोजीवर जाणाऱ्या बाईला दोन पैसे जास्त देऊन गावातूनच घे, असं सांगायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. मोबाइल, मिक्सर, प्रेशर कुकर जिथे स्वस्त आणि वॉरंटीवर मिळेल तिथून घ्यावा. मी बोलते आहे ते गावात तयार होणाऱ्या किंवा गावातला माणूस वर्षभर ठेवतो त्या वस्तूंबद्दल, आणि ज्यांना परवडतं त्यांच्याबद्दल. नोकरदार, शिक्षक, मोठे कास्तकार, संस्थाचालक यांच्याबद्दल.

शिंप्याचंच घ्या. पूर्वी दसऱ्यानंतर तो माप घ्यायचं बंद करायचा, इतकं काम अंगावर असायचं. आता त्याच्या मशीनवर फॉल-पिको आणि ऑनलाइन आलेल्या पँटची उंची कमी करायचं काम असतं. ज्या पँटच्या स्वस्ताईचं कौतुक घरभर झालं तिला टीप मारायला आपण त्याच्याकडे जातो आणि वर दहा रुपये कमी कर म्हणतो.

बाजारातलं कुंभाराचं दुकान म्हणजे गोणपाटावर मांडलेली बोळकी आणि पणत्या. बोळकं घेताना जुन्या बाया टिचकी मारतात. भाजलेलं असेल तर खणखणतं, कच्चं असेल तर भद्द वाजतं. यंदा पावसाने पाठ सोडली नाही, त्यामुळे घडवलेला माल वाळायलाच ऊन नाही. ओला माल आव्यात (भट्टीत) घातला तर तडकतो, म्हणून छपरात, खाटेखाली, जागा मिळेल तिथे पणत्या पसरून ठेवाव्या लागतात. इतकं करून ती बाई बाजारात येते आणि आपण डझनामागे एक पणती वर मागतो. ती देते. तिच्या शेजारी साच्यातल्या रंगीत, टिकल्या लावलेल्या पणत्यांची गाडी उभी असते. तिथे पाटीवर भाव लिहिलेला असतो आणि तिथे कोणी घासाघीस करत नाही.

शिंदीच्या पानांचा फडा, म्हणजे झाडू, बांधणाऱ्यांची तऱ्हा अशीच. लक्ष्मीपूजनाला शिंदीचाच फडा पाहिजे, त्याला कुंकू लावायचं, आणि वर्षभर घर झाडायला मात्र प्लास्टिकच्या मुठीचा झाडू. बुरडांची सुपं-टोपल्या लग्नसराईपुरत्या उरल्या. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी ओवाळणीत यायची, आता स्टीलचा डबाही येत नाही, पाकीट येतं.

सरकारने काही केलं नाही असं नाही. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत कुंभार, शिंपी, सुतार, लोहार, चांभार, टोपल्या-झाडू बनवणारे असे 18 व्यवसाय आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. या योजनेच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम 2024 मध्ये 20 सप्टेंबरला आपल्या वर्ध्यातच झाला. त्याच वर्ध्यात 1934 साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला होता, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम पाहिलं. वर्ध्याला हा विषय नवा नाही. पण कर्ज बँकेतून मिळतं, गिऱ्हाईक बँकेतून मिळत नाही. विजेवरचं चाक आलं आणि पणत्या दुप्पट झाल्या, तर त्या दुप्पट पणत्या घ्यायच्या कोणी?

म्हणून संस्थांना विनंती आहे. पतसंस्था दिवाळीला सभासदांना भेट देतात, शाळा-कॉलेजं कर्मचाऱ्यांना डबे देतात. ही खरेदी बहुतेक शहरातून एकगठ्ठा होते, कारण तिथे पक्कं बिल मिळतं. तेवढीच ऑर्डर महिनाभर आधी गावातल्या बचत गटाला दिली तर चकली, शेव, अनारसे, चिवडा सगळं होतं. आपल्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. त्याची पाच किलोची पिशवी काजू-बदामाच्या चकचकीत खोक्यापेक्षा कोणत्याही घरात जास्त कामाची. मात्र गटातल्या बायांनीही एक गोष्ट करावी. उलाढाल लहान असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी अगदी थोड्या पैशांत होते. अनेक गटांनी ती केलेली नाही. मग संस्था ऑर्डर द्यायला कचरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी स्वतः गटात आहे म्हणून हे अधिक ठासून सांगते.

ग्रामपंचायतींनाही एक काम आहे. बाजाराचा लिलाव होतो आणि ठेकेदाराचा माणूस पावती फाडत फिरतो. टेम्पो भरून माल आणणारा पावती देतो, आणि डोक्यावर टोपलं घेऊन आलेली बाईही देते, बहुतेक वेळा बोहनी व्हायच्या आधी. दिवाळीच्या आधीच्या दोन बाजारांना कुंभार, बुरड, फडेवाले आणि शिंगाडे विकणारे यांची पावती माफ करावी. लिलाव ग्रामपंचायतीचा आहे, ठरावही तीच घेऊ शकते. ठेकेदाराला त्यापोटी थोडी सूट दिली तरी पंचायतीचं दिवाळं निघणार नाही.

शिंगाड्याचा उल्लेख केला कारण आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, सण भाऊबीजेला संपत नाही, तिथून मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची, असं कितीतरी दिवस चालतं. घरोघरी पाहुणे, दिवसा दंडार (नाच-गाण्याचा लोकखेळ), रात्री नाटक, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दुकानं. मामा (माजी मालगुजारी) तलावातले शिंगाडे उकडून ढिवर (मासेमार) समाजाच्या बाया टोपल्यांत घेऊन बसतात. बांगड्यावाले, फुगेवाले, जलेबीच्या कढया. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम याच वेळी सुरू होतो. एका रात्रीच्या नाटकावर कलावंत, वादक, पडदेवाला, मंडपवाला, बाहेरचा चहा-भजीवाला अशी किती घरं चालतात! याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण गावचं मंडळ तिकीट लावतं तेव्हा पासासाठी ओळख काढणारे आपणच असतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने तिकीट काढूनच आत जावं. नाटक पडलं तर मंडळाची पोरं पुढची दोन वर्षं वर्गणी फेडत बसतात.

वाचकांना सांगणं एवढंच. धानाचे, पगाराचे, बोनसचे जे काही पैसे येतील त्यातून नवं काही घेण्याआधी किराण्याची वही मोकळी करा. सगळी जमत नसेल तर अर्धी करा, पण लक्ष्मीपूजनाच्या आधी करा, म्हणजे तो रोखीने माल उचलू शकेल. फराळाच्या सामानाची यादी त्याला आठ दिवस आधी द्या. चांगला रवा, चांगलं बेसन गावात मिळत नाही अशी ओरड असते, पण आदल्या दिवशी जाऊन मागितलं तर तो तरी कुठून आणणार? आणि पणतीवाल्या बाईशी भाव करू नका.

आता आपल्याकडे मागणं. मंडईच्या बातम्या आपण दरवर्षी देता. त्याच पानावर दिवाळीपासून मंडई संपेपर्यंत एक छोटा रकाना ठेवा, विनामूल्य. कोणत्या गावात कुंभाराच्या पणत्या-बोळकी मिळतात, कोणत्या गटाचा फराळ आहे, कुठे चिन्नोर विकायला आहे, कुठे कोसा रेशीम विणणारे थेट विकतात, एवढीच माहिती, एका वस्तूला दोन ओळी. जाहिरात विभागाला हे पटणार नाही, याची कल्पना आहे. पण ज्यांना पूर्ण पान घेता येतं ते घेतच राहतील, त्यांचं गिऱ्हाईक यामुळे तुटणार नाही. आमच्या तालुक्यापुरती माहिती गोळा करून लिहून द्यायला आमच्या गटाच्या बाया तयार आहेत. बाजाराच्या दिवशी आपला वार्ताहर तालुक्याला येतोच, त्याच्या हाती देऊ. पहिला रकाना वसुबारसेच्या आत निघाला तर बरं, त्यानंतर पणत्या कोणी शोधत नाही.

आपली,
एक धान उत्पादक आणि बचत गट सदस्य
ता. लाखांदूर, जि. भंडारा