स्ट्रासबर्गहून बाबांना पत्र

स्ट्रासबर्ग, रविवार

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे, जेवणाची आबाळ नाही. थेट कामाचं लिहिते, कारण फोनवर तुमची ओपीडी नेहमी मध्ये येते.

तुमच्या वेळी ऑपरेशन शिकायचं म्हणजे जखम उघडी राहावी म्हणून तासन्‌तास रिट्रॅक्टर धरायचा आणि सरांच्या कोपराआडून दिसेल तेवढं बघायचं, असं तुम्ही सांगायचात. १९९० साली डॉ. तेहेमटन उदवाडियांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढलं आणि सर्जनला दिसतं तेच ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांना पडद्यावर दिसू लागलं. पडद्यावरचं चित्र देशाबाहेरही पाठवता येतं. ७ सप्टेंबर २००१ला इथल्या इर्काड या शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रा. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय रोबोने काढलं. तिकडे हात हलला की इथली हालचाल पडद्यावर दिसायला सरासरी १५५ मिलिसेकंद लागत. चारच दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि ही बातमी मागे पडली.

मला मात्र लांबून ऑपरेशन करण्यापेक्षा लांबून शिकवणं जास्त मोलाचं वाटतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली मांडलं होतं की जगातल्या ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. त्या सगळ्यांच्या गावी रोबो पोचणं कठीण. शिकलेला सर्जन पोचू शकतो.

परवाची इथली पित्ताशयाची केस सांगते. ऑपरेशनआधी शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग दिला होता. यकृत तो पित्तात सोडतं. सरांनी डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड उजेड लावला आणि चरबीखालची पित्तनलिका हिरवीगार उजळली. सिस्टिक डक्ट, म्हणजे पित्ताशयाची नळी, मुख्य नलिकेला कुठे मिळते, ते काहीही कापण्याआधी समोर! तरी सर क्लिप लावायच्या आधी थांबले, कॅमेरा दोन्ही बाजूंनी फिरवायला लावला. ही नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी साफ झाली का, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटला का, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, नळी आणि रोहिणी, उरल्या का? तिन्ही पटल्यावरच कात्री.

हा थांबण्याचा क्षण आपल्याकडच्या शिकाऊ मुलांनी बघायला हवा. इर्काडच्या वेबसर्ज या साइटवर ऑपरेशनचे व्हिडिओ फुकट आहेत, फक्त नाव नोंदवावं लागतं. दोन्ही ज्युनिअर डॉक्टरांना आजच नोंदवायला सांगा. नुसतं बघून हात बसत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे दुर्बिणीच्या सरावाच्या खोक्यावर, रोज टाके घालायला लावा.

आणि एक मागणं. आपल्याकडे रुग्ण फार उशिरा येतात, पित्ताशय आजूबाजूला चिकटून दगडासारखं झालेलं असतं. तुम्ही ते किती शांतपणे सोडवता! असल्या केसेस इथल्या शिकाऊ डॉक्टरांना क्वचितच दिसतात. शिकवणं एकाच दिशेने का चालावं? आपल्या कॅमेऱ्यावर रेकॉर्डिंगची सोय आहे, ती वापरा. रुग्णाची लेखी संमती घ्या, नाव-नंबर दिसू देऊ नका, आणि कापाकापी न करता अख्खा व्हिडिओ पाठवा. तुम्ही कुठे अडलात, कुठे हात मागे घेतलात, तेच मला सरांना दाखवायचं आहे. दुर्बीण सोडून पोट उघडायचा (ओपन करायचा) निर्णय जिथे घेतला, तोही व्हिडिओ चालेल.

आईला म्हणावं, मेतकूट पोचलं. आजीला नमस्कार.

तुमची,
लेक