बाबा, दोन्ही तपासण्या होणार आहेत

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, "ऑपरेशननंतर मला पुन्हा पुन्हा मशीनमध्ये घालू नका," असं तुम्ही बजावलं होतंत. तरी मी सर्जनशी बोलून ठरवून टाकलंय: नाकातून मेंदूच्या तळाची गाठ काढतील त्या ऑपरेशनच्या रात्रीच साधा सीटी, आणि 48 तासांच्या आत कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात भाग उजळवणारं औषध शिरेतून देऊन एमआरआय. रागावू नका, आधी कारणं ऐका.

काही ठिकाणी त्रास दिसला तरच सीटी करतात, आणि तेही चूक नाही. ज्याला बरं वाटतंय त्याचा उपचार सीटीमुळे बहुतेक वेळा बदलत नाही. पण तुम्ही त्रास सांगता कुठे? नानांच्या वेळचं आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. सीटीच्या किरणांचं म्हणाल, तर डोक्याच्या एका सीटीत साधारण 2 मिलिसीव्हर्ट. निसर्गातून वर्षभरात आपल्याला मिळतात त्याहून थोडे कमीच.

सीटी पाच मिनिटांत उरकतो. गाठीच्या जागी रक्त साठलंय का, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्यात का आणि आत हवा किती शिरलीय, हे त्यात कळतं. थोडी हवा राहतेच आणि दोनेक आठवड्यांत जिरते. आई, रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नकोस. कपाळामागची हवा मेंदूचे दोन्ही भाग दाबून एकमेकांपासून दूर सारत असेल, तर मात्र धावपळ करावी लागते. डॉक्टर त्याला माउंट फुजी साइन म्हणतात. पण माझा सगळा आग्रह आहे तो पुढच्या दिवसांसाठी. चौथ्या दिवशी डोकं ठणकलं आणि तेव्हाच्या सीटीत हवा वाढलेली निघाली, तर गळतीचा, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपत असल्याचा संशय लगेच येतो. पहिला सीटीच नसेल, तर वाढली हे कशावरून म्हणायचं?

एमआरआयचं महत्त्व वेगळं. कवटीच्या तळाला केलेल्या भोकावर नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर, त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून, ठिगळासारखं बसवतात. कॉन्ट्रास्ट दिल्यावर निरोगी अस्तर इंग्रजी सी अक्षराच्या आकारात उजळतं. उजळलं नाही, तर रक्तपुरवठा कमी पडत असण्याची शक्यता असते. तेवढ्यानं ते कुजतंच असं नाही, पण कुजलं तर गळती आणि मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, म्हणून दुर्बिणीनं लक्ष ठेवतात. अस्तर हाडापासून सुटलेलं दिसलं, तर पाणी झिरपण्याआधीच सावध होता येतं. उशीर केला की भरून येणाऱ्या जखमेचा भागही उजळू लागतो आणि उरलेली गाठ कोणती, हे ओळखणं अवघड होतं. भोक बुजवायला आत भरलेली चरबी कॉन्ट्रास्टशिवायही पांढरी दिसते, म्हणून कॉन्ट्रास्टआधीची साधी चित्रं आणि चरबीचा पांढरेपणा दाबणारी चित्रं, दोन्ही घ्यायला सांगितलीत.

बाबा, त्यात अर्धा-पाऊण तास जाईल. बंद जागेत तुमचा जीव घुसमटतो, हे मी विसरले नाहीये. हातात बेल देतील, कानांत बोळे घालतील, अंगावर पांघरूण असेल. नाक पॅकिंगनं बंद असणार, तेव्हा आत जाण्याआधी तोंडानं सावकाश श्वास घ्यायची सवय करा आणि ओठांना व्हॅसलीन लावून घ्या. कवळी, श्रवणयंत्र, अंगठी आईकडे. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवा.

आता आई, हे तुझ्यासाठी. स्कॅन चांगला आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. बाबा पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ गळलं किंवा घशात खारट लागलं, तर ते पुसून टाकू नकोस. स्वच्छ डबीत धरून नर्सला दे. बीटा-2 ट्रान्सफेरिन तपासून ते मेंदूभोवतीचं पाणी आहे का, हे कळतं. रोज एकेक डोळा झाकून त्यांना वाचायला लाव. नजर अचानक मंदावली तर वाट पाहायची नाही. कपाळावर हात ठेवून तुला माझा ताप अचूक कळायचा, पण या वेळी थर्मामीटरच लाव. तापासोबत मान आखडली तर रात्रीही डॉक्टरांना उठव.

रक्तातलं सोडियम कोणत्याच चित्रात दिसत नाही. पहिल्या दोन दिवसांत लघवी फार होऊ शकते, आणि घरी आल्यावर, साधारण सातव्या दिवसाच्या आसपास, सोडियम घसरू शकतं. मळमळ, गुंगी, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. त्या दिवशीची रक्ततपासणी मी ठरवून ठेवलीय; "बरं वाटतंय, कशाला?" हे चालणार नाही.

आणि बाबा, नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. संडासला जोर द्यायचा नाही, त्यासाठीचं औषध रोज घ्यायचं. उशा दोन, डोकं उंच. जड काही उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. डॉक्टर सांगतील तोवर हे सगळं पाळायचं.

रात्री कितीही वाजले असले तरी फोन करा. मी उचलेनच.

तुमची,
छकुली