दुपट्याच्या कडा जुळवून दाखवणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

मार्च २०२३. कळव्याहून रोज डबा आणणाऱ्या सासूबाई आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली मी, आठवतोय का? लेक कमरेवर लिंबाएवढी फुगी घेऊन जन्मली होती. स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचा जन्मदोष. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, तरी माझ्या डोक्यातून दिवाळीतलं, २५ ऑक्टोबरचं सूर्यग्रहण जाईना. पाचवा महिना होता आणि ग्रहणात मी विळीवर मेथी चिरली होती. सोनोग्राफीत दोष दिसल्यापासून घरात तेच चाललं होतं. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं.

तुम्ही खाटेवर दुपटं पसरलंत. "पाठीचा कणा घडायच्या आधी गर्भात अशी सपाट पट्टी असते. तिच्या कडा उचलल्या जातात, मानेपाशी जुळतात आणि तिथून वर-खाली मिटत नळी होते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. डोक्याकडचं टोक साधारण पंचविसाव्या दिवशी मिटतं, खालचं अठ्ठाविसाव्या." चिमटीनं कडा मिटवत आणल्यात आणि कमरेपाशी थांबलात. "हिचं एवढंच राहिलं." वरचं टोक उघडं राहिलेली बाळं जगत नाहीत, हेही हळूच सांगितलंत.

मग सासूबाईंना म्हणालात, "आजी, हे जुलैतच झालं. तेव्हा हिची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. ग्रहण ऑक्टोबरात."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यात मेथीचं वरण होतं. भात कालवून त्यांनी मला स्वतः भरवलं. सिस्टर, तो घास तुमच्यामुळे.

फॉलिक ॲसिडच्या गोळीनं हा दोष बराच टळतो हे कळल्यावर मी पुन्हा रडले, गोळी आधी घेतली नाही म्हणून. "घेऊनही काहींना होतं गं," म्हणालात. पण दिवस राहायच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम हवंच, आणि मला पुढच्या खेपेला दहापट, डॉक्टरांना विचारून, हेही बजावलंत. आता सासूबाईच धाकट्या जाऊबाईंना विचारतात, "गोळी घेतलीस?"

या दोषात लघवी आपोआप पूर्ण होत नाही, किडन्यांना धोका असतो. म्हणून दर तीन-चार तासांनी नळीनं ती काढायला तुम्हीच माझा थरथरता हात धरून शिकवलंत. लेकीच्या किडन्या अजून छान आहेत.

गेल्या रविवारी ठाण्याच्या तलावपाळीवर, पायांना आधाराचे कॅलिपर लावून, ती कठडा सोडून चार पावलं चालली. पुढच्या फॉलोअपला तिला वॉर्डात चालवत आणते. तुमची ड्युटी सकाळचीच असते ना?

तुमची,
१४ नंबरच्या खाटेवरची आई