‘गोया सरन्यात नहीत का अजून?’

नाना, रामराम.

हे सगळं तुमच्या औषधाच्या दुकानात उभं राहून बोलले असते, तर तुम्ही ‘बरं बरं, मागे गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणून मला वाटेला लावलं असतं. म्हणून लिहिते, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहिते.

माझ्या ऑपरेशनचं कौतुक आपल्या चोपडा गावात पुष्कळ झालं. डिसेंबर 2021मध्ये नाशिकला बायपास केली, हृदयाची नव्हे, वजन उतरवायला पोटाची, 112 किलोवरून दीड वर्षात 71वर आले, शुगरची गोळी सुटली. सर्जनचे आभार मी तेव्हाच मानले, पेढे घेऊन गेले होते (स्वतः एकही खाल्ला नाही, ते वेगळं). तुमचे मानायचे राहिले ते राहिलेच.

2024चा पोळा आठवतो का? समोरून बैल चालले होते, वाजंत्री होती, आणि मी ओरडून ओरडून तुमच्याकडे तीन वस्तू मागत होते: गॅसची गोळी, पायाच्या मुंग्यांवर लावायला बाम आणि रक्त वाढायचं काहीतरी लाल टॉनिक. तुम्ही एकही वस्तू काढली नाही. चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, “काय वं माय, गोया सरन्यात नहीत का अजून?”

गोळ्या संपल्या नाहीत का अजून, म्हणजे कोणत्या गोळ्या, हे मला क्षणभर कळलंच नाही. मग तुम्ही ती लांबडी वही काढलीत. पोरानं दुकानात कॉम्प्युटर बसवून किती वर्षं झाली, पण दर महिन्याच्या गिऱ्हाइकांची वही तुमची सुटली नाही. माझ्या पानावर शेवटची नोंद एप्रिल 2023ची होती. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन, बी-12. त्याखाली सोळा महिने कोरे.

तुम्हाला मी तेव्हा सांगितलं की जळगावहून आणते. खोटं होतं ते. तुम्हालाही कळलं असणार, कारण सायट्रेटवालं कॅल्शियम तुम्हीच खास माझ्यासाठी मागवत होतात. दुसरं स्वस्त मिळतं, ते का देत नाही म्हणून मी एकदा हुज्जतही घातली होती. त्याला पचायला पोटात आम्ल लागतं आणि माझ्या इवल्याशा पोटात ते फारसं तयार होत नाही, हे तुम्ही तेव्हाही समजावलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

गोळ्या मीच बंद केल्या, कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर ‘आयुष्यभर’ असं लिहून खाली रेघ मारलेली होती. पण वर्षाचा रिपोर्ट चांगला आला आणि मला वाटलं, आता पोट रुळलं. रिपोर्ट चांगला होता तो गोळ्यांमुळेच, एवढी साधी गोष्ट चौथीच्या पोरांना ‘समतोल आहार’ शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आली नाही. घरातही सूर तोच: आता बारीक झालीस, गोळ्यांवर खर्च कशाला? दरवर्षीची रक्ततपासणी होती, पण नाशिकला जायचं म्हणजे आख्खा दिवस मोडतो. एक वर्ष चुकलं, मग चुकतच गेलं.

त्यात 2023ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. माहेरी अमळनेरला वाटीभर आमरस आणि अर्धी खापरावरची पोळी खाल्ली. लेकीला माहेरी नाही म्हणायची सोय नसते. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. निंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या आणि मी दुपारभर संडास ते पलंग एवढीच फिरत होते. याला डंपिंग म्हणतात: गोड पोटात न थांबता एकदम आतड्यात उतरतं आणि शरीराची धांदल उडते. मला ते माहीत नव्हतं असं नाही, सांगितलेलं होतं. पण त्या दिवसापासून मी खाण्यालाच घाबरले. चहा-टोस्टवर आले. टोस्ट बुडवला की आपोआप उतरतो. डाळ-भाकरी चावायला वेळ लागतो आणि एक घास जास्त झाला की छातीशी अडकतो. दिवसाला 60 ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवी होती, माझी वीसही होत नसतील.

एवढं होऊनही कित्येक महिने काहीच झालं नाही, नाना. बी-12चा साठा यकृतात असतो म्हणे, तो बराच काळ पुरतो. जुन्या शिलकीवर संसार चालला होता, जमा काहीच नव्हती. होळीनंतर पायाला मुंग्या यायला लागल्या. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, नळ धरावा लागायचा. एकदा शाळेत व्हरांड्यापासून फाटकापर्यंत एकाच चपलेवर चालत गेले. दुसरी कधी निसटली ते पायाला कळलंच नाही. पोरं हसली, मीही हसले. पोळ्याच्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा चप्पल सांगितली आणि तुमचा चेहरा बदलला. म्हणालात, टॉनिक देत नाही, आजच्या आज डॉक्टरकडे जा, काय ऑपरेशन झालंय ते पहिल्यांदा सांग.

ते लाल टॉनिक तुम्ही न दिलेलं किती बरं, हे मला जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यात फॉलिक अॅसिड असतं. त्यानं रक्त वाढून माणूस तरतरीत दिसला असता आणि बी-12वाचून नसा मात्र आतल्या आत खराब होत राहिल्या असत्या. दोनशे रुपयांची बाटली होती, तुम्ही गिऱ्हाईक सोडलंत. गुडघ्यासाठी मागितलेली दुखण्याची गोळीही तुम्ही असंच नाकारलंत, बायपासवाल्याला तिनं पोट आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो म्हणून. तेव्हा तर मी रागानं दुसऱ्या दुकानाची पायरी चढले होते. ते दुकान बंद होतं, माझं नशीब.

रिपोर्ट आले: हिमोग्लोबिन 8.4, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा 6, डी जीवनसत्त्व 11, बी-12 तर तळालाच. कॅल्शियम मात्र बरोबर! मी खूश झाले. डॉक्टर म्हणाले, खूश होऊ नका, ते तुमच्या हाडांतून काढून रक्तात भरलंय. त्यासाठीचं पॅराथायरॉइडचं हार्मोन वाढलेलं होतं.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. मला ते आपल्या केळीच्या बागेसारखं दिसलं. पाटाचं पाणी वरचे दोन वाफे चुकवून थेट खाली सोडलेलं. लोह आणि कॅल्शियम जास्त करून त्या वरच्या वाफ्यांतच मुरतात, आणि अन्न आता तिथून जातच नाही. बी-12चं आणखी वेगळं: ते शोषायला पोटातून एक जोडीदार पदार्थ यावा लागतो, आणि माझं बरंचसं पोट बाजूला पडलेलं. शिवाय मी माळकरी, अंडं-मटण नाही, म्हणजे मुळातच ते कमी. तेव्हा ‘आयुष्यभर’ म्हणजे खरंच आयुष्यभर.

बी-12ची इंजेक्शनं सुरुवातीला दिवसाआड होती, मग आठवड्याला, आता महिन्याला एक. लोह शिरेतून दिलं. कॅल्शियम दिवसातून तीनदा थोडं थोडं, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, कारण दोघं एकत्र गेले की भांडतात. लोहाच्या आसपास चहा नाही. हे वेळापत्रक तुम्ही मला औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलंत, ते अजून फ्रिजवर आहे, तेलाचे डाग पडलेलं.

खाण्याचं म्हणाल तर कळण्याच्या भाकरीनं मला तारलं. ज्वारीत उडीद दळलेला असतो, नुसत्या दादर ज्वारीच्या भाकरीपेक्षा बरी. चतकोरच जाते, पण आधी वाटीतली बुडची घट्ट डाळ, मग पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या, आणि भाकरी शेवटी. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. आमच्याकडे जेवायला बसलं की तांब्या आधी येतो, त्यामुळे सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. भरीत दोन चमचे, कमी तेलाचं. शेवभाजीची तर्री नुसती बघते. खान्देशात राहून तर्री बघत बसणं काय असतं, ते माझं मला माहीत.

पाय पूर्ण सुधारलेले नाहीत. उजव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, ती तशीच राहतील बहुतेक. तोल मात्र आला. गळलेले केसही आले, विरळ का होईना. चप्पल निसटली की कळतं.

एक काम आहे. आमच्या गल्लीतल्या एका पोरीची गेल्या वर्षी स्लीव्ह झाली, पोटाचा मोठा भाग काढून टाकतात ती. तिचं आतडं वळवलेलं नाही, म्हणून तिला वाटतं की गोळ्या आपल्याला नाहीत. मी सांगून बघितलं, तिनं माझ्या बोटांकडे बघून विषय बदलला. ती तुमच्याकडूनच शांपू नेते, आता केस गळू नयेत म्हणून तेलही नेईल. तिचं पान वहीत उघडा, नाना. आणि एकदा तिलाही विचारा, मला विचारलं तसंच, अहिराणीतच.

माझ्या कॅल्शियमच्या नऊ गोळ्या उरल्यात. गुरुवारी येते.

तुमची,
शाळेतली बाई