मंगल, मल्हारचं वाचन ऐकायला ये

रविवार, रात्री

प्रिय मंगल,

फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी भांडते आणि मूळ गोष्ट राहून जाते. गारगोटीला डी.एड.ला होतो तेव्हापासूनचं आहे हे आपलं. म्हणून लिहिते. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन उचलू नकोस.

इकडे सगळे बरे. मामंजींची साखर आटोक्यात आहे, आत्याबाईंचे गुडघे पावसाळ्यात दुखतात तसे दुखताहेत. माझी कंबर ठीक. झालं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला बाई आल्या होत्या. हातात तोच तक्ता, ज्याचे रकाने तुला पाठ आहेत. २०१५ साली ४ जुलैला एकाच दिवसात सगळ्या राज्याचं सर्वेक्षण झालं, तेव्हा तू वीटभट्टीवर पोरांच्या बोटांना शाई लावत फिरली होतीस. रात्री फोन करून म्हणालीस, "एका पोराने विचारलं, बाई, मी मतदान केलं का?" केवढी हसलो होतो आपण! आता त्याच तक्त्यात माझ्या घरीच शिकणाऱ्या इराचं आणि मल्हारचं नाव लिहिलं गेलं. बाई चांगल्या होत्या गं. चहा घेतला, ओटीवरच्या शंभर-शंभर मण्यांच्या शतकमाळा बघितल्या, पावसाच्या नोंदींची वही चाळली. म्हणाल्या, "ताई, घरी एवढं चाललंय, पण माझ्याकडे रकाना एकच आहे." मी म्हटलं, लिहा. सहा ते चौदा वयाचं मूल शाळेच्या पटावर नसेल तर कायद्याच्या भाषेत ते शाळाबाह्यच. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

खरं झालं ते त्यानंतर. जाताजाता बाईंनी पिशवीतून एक वाचनकार्ड काढून मल्हारपुढे धरलं, सहज, प्रेमाने. चार ओळी होत्या. त्याने पहिला शब्द लावला, दुसऱ्यावर अडकला, बाईंच्या तोंडाकडे बघितलं, परत कार्डाकडे. आणि मागून ओवीने, आमच्या साडेचार वर्षांच्या ओवीने, त्याच्या खांद्यावरून वाकून चारही ओळी घडाघडा वाचल्या.

मल्हार हसला. सगळ्यांबरोबर हसला आणि रोपवाटिकेत निघून गेला. रात्री अंथरुणात मला म्हणाला, "आई, मी शाळेत गेलो असतो तर मला आलं असतं का?"

मंगल, ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्या एकाच माणसाकडे असू शकेल ती तू आहेस. पहिली-दुसरीची किती पोरं तुझ्या हाताखालून गेली असतील! दोन शिक्षकांत चार वर्ग सांभाळताना कोण नुसतं रेंगाळतंय आणि कोण खरंच अडलंय, हे तुला पोराच्या मानेवरून कळतं. मला माझ्या पोराची मान वाचता येत नाही. मी आई आहे त्याची.

आमचा दिवस कसा जातो ते तुला नीट माहीत नाही, कारण तू येतेस ती सुट्टीत, आणि तेव्हा सगळंच बिघडलेलं असतं. सकाळी साडेसातला ओटीवर परिपाठ. तारीख, वार, आभाळ कसं आहे, आणि प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची. ओवी रोज स्वप्न सांगते आणि त्यात रोज म्हैस असते. मग इरा परसातल्या नरसाळ्याच्या बाटलीत पडलेला पाऊस मोजून वहीत मिलिमीटर लिहिते. आठपासून साडेदहापर्यंत पाटीचा तास. हे मी सरळ तुझ्या वर्गातून उचललंय: एकाला समोर घ्यायचं, एकाला लिहायला लावायचं, एकाला हाताचं काम द्यायचं आणि अर्ध्या तासाने फिरवायचं. इरा भागाकार करते तेव्हा मल्हार माझ्याजवळ असतो आणि ओवी चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावते. निदान लावावेत असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात ती मल्हारच्या पुस्तकात डोकं घालते, आणि सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

साडेदहानंतर तिघं विश्वासबरोबर रोपवाटिकेत. सध्या उसाच्या पूर्वहंगामी लावणीची रोपं भरायची गडबड आहे. इराचं गणित तिथेच पक्कं झालं. परवा एका गिऱ्हाईकाला एका एकराची रोपं हवी होती, पाच फुटी सरी, दोन फुटांवर रोप. हिने एकराचे ४३,५६० चौरस फूट घेतले, दहाने भागले, ४,३५६ रोपं आली. ट्रेमध्ये ४२ कप्पे, म्हणजे १०४ ट्रे. वर त्याला म्हणते, "काका, बारा रोपं जास्त येतील, ती नांग्या भरायला, मेलेल्या रोपांच्या जागी लावायला ठेवा." आणि ओवीचं सांगते. एक जण उधारीवर रोपं मागत होता, विश्वास संकोचाने गप्प, आणि ही फळ्याकडे बोट दाखवून मोठ्याने वाचते: "उधार बंद आहे." तो बिचारा रोख देऊन गेला. विश्वास म्हणाला, हिला पगार सुरू करायला हवा.

मल्हार त्याच रोपवाटिकेत राजा असतो. उसाची शहाऐंशी बत्तीस जात कुठली आणि दोनशे पासष्ट कुठली हे तो नुसती कांडी हातात घेऊन सांगतो. कोकोपीटचा ओलावा मुठीत दाबून ओळखतो. आकडे त्याला सगळे वाचता येतात. ते '८६०३२' चं लेबल त्यानेच लिहिलंय, सुबक.

आता तू विचारशील ते आधीच सांगते. सुटी अक्षरं येतात. घर, मगर, बदक हळूहळू लावतो. घ आणि ध, म आणि भ अजून अदलाबदल होतात. काना आला की जमतं, दुसऱ्या वेलांटीलाही जमतं, पहिली वेलांटी आली की गाडी थांबते. 'किती' बघितलं की डोळ्याला वेलांटी आधी दिसते आणि तोंडाने क आधी म्हणायचा असतो. तिथे तो 'इक' म्हणतो आणि मग स्वतःवरच चिडतो. पण कान पक्का आहे. तोंडी विचारलं, 'कमळ'मधला क काढला तर काय उरेल, तर पटकन 'मळ' म्हणतो. 'बादली'तून ली काढ म्हटलं तर 'बाद' म्हणून टाळ्या पिटतो. डोळे कोल्हापुरात तपासून आणले, स्वच्छ आहेत. आणि पाठांतर इतकं जबर की जुन्या 'किशोर'मधली गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी पानं बरोबर जागी उलटत तो ती 'वाचून' दाखवतो. आत्याबाईंची तर खात्रीच होती की नातू वाचायला लागला.

साडेसात वर्षांचा आहे तो. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान आठ वर्षांच्या आधी करत नाहीत हे आपण दोघीही जाणतो. मग हे सहा महिने मी काय करू? थांबू? लीलाताई पाटलांची सृजन आनंद शाळा बघायला गेलो होतो, आठवतं? त्या मुलांकडे बघून मी एस.टी.त तुला म्हटलं होतं, मला मुलं झाली की त्यांना असं शिकू देईन, कुणी घाई करणार नाही. तू म्हणालीस, "आधी नवरा शोध." तेव्हापासून मूल तयार होईपर्यंत थांबायचं ह्यावर माझा विश्वास आहे आणि आजही तो ढळलेला नाही. इरा पाचव्या वर्षी आपोआप वाचायला लागली, मी काहीच केलं नव्हतं. ओवीचंही तेच. पण जे आपोआप होतं त्यातून शिकवायचं कसं ते कळत नाही. आणि थांबणं कुठे संपतं आणि हेळसांड कुठे सुरू होते, ह्याची रेघ मला दिसत नाहीये.

मला सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? तुझ्या वर्गात मल्हार असता तर त्याच्या शेजारी न येणारे आणखी दोघं-तिघं असते. त्यांनी एकमेकांच्या पाट्या बघून चुका केल्या असत्या, तू त्यांचा वेगळा गट करून खिडकीपाशी बसवलं असतंस, आणि न येणं ही तिथे एक साधी गोष्ट असती. आमच्या सतरंजीवर तिघं आहेत, आणि त्यातलं न येणारं पोर तोच एकटा. एका बाजूला दहा वर्षांची बहीण, दुसऱ्या बाजूला साडेचार वर्षांची, आणि दोघींना येतं. मी त्याला वेळ देऊ शकते, माया देऊ शकते, त्याच्या कलाने घेऊ शकते. त्याच्यासारखं अडलेलं दुसरं पोर मी कुठून आणू? संध्याकाळी पाचला गावातली पोरं दप्तरं टाकून खेळायला येतात. त्यांतला दुसरीतला एक त्याचा जिवाचा मित्र, तोही अडखळतच वाचतो. पण त्याला त्याचं काही वाटत नाही, कारण वर्गात निम्मे तसेच आहेत.

ओवीला मी गप्प करू शकत नाही आणि करणारही नाही. तिचा आनंद मी का दाबू? म्हणून सध्या फक्त जागा बदललीय. मल्हारचं वाचन सकाळच्या तासातून काढून रोपवाटिकेत नेलंय, विश्वासबरोबर. लेबलं तोच लिहितो. 'रोप', 'काळे आजोबा', 'उद्या न्या' असे दोन-तीन शब्द, आणि ते खरंच कुणीतरी वाचणार असतं म्हणून तो खपून लिहितो. पहिल्या वेलांटीसाठी वेगळे मणी केलेत: क चा मणी आधी हातात, मग वेलांटीचा पत्रा त्यावर चढवायचा. कधी जमतं, कधी नाही.

आणि हो, आकड्यांवरून आपलं २०१९ सालचं भांडण. दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' आलं तेव्हा तू गणिततज्ज्ञ मंगला नारळीकरांच्या बाजूने आणि मी 'त्रेपन्न'च्या. मुकुंदाच्या लग्नात, पंगतीत, मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन भांडत होतो. तर ऐक: मल्हार आधी पन्नास तीन म्हणतो आणि तिथून त्रेपन्नला पोचतो. मी अजूनही म्हणते, त्रेपन्न यायलाच हवं. बाजारात त्याला कोण पन्नास तीन म्हणून पैसे मागणार आहे? पण तू जिंकलीस असं समजायला माझी हरकत नाही, दिवाळीपुरती.

दुसरं भांडण मात्र हसण्यावारी नेत नाही. ओवीच्या बारशाला चुलीपुढे बसून तू म्हणाली होतीस, "तुझ्यासारख्या शिकलेल्या बायांनी पोरं घरी ठेवली की माझ्या शाळेचा पट घसरतो. वीसच्या खाली गेला की समूहशाळेचं बोलणं सुरू होतं." म्हणजे छोट्या शाळा मिळून एकच मोठी करायची. त्या रात्री मी रागावून झोपले. पण तू रागाने नाही, भीतीने बोलत होतीस हे मला तेव्हाही कळलं होतं. डोंगरातली ती शाळा तू स्वतः रंगवलीयस. आपल्या दोघींची डी.एड.ची कागदं एकाच दिवशी मिळाली, तुला शाळा मिळाली, मला नाही, आणि मी घराची शाळा केली. तुझ्या शाळेशी माझं वैर कधीच नव्हतं गं.

इराचं मार्गी आहे. दहा पूर्ण झाली, मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीला तिला बसवतोय. पुढे आठवी, मग दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. ती जाईल.

म्हणून मागणं एकच. दिवाळीच्या सुट्टीत ये, चार दिवस राहायलाच ये. त्याला काही कळू न देता, मावशी म्हणून, त्याच्याजवळ बस. रोपवाटिकेत बस, लेबलं लिहून घे, त्याला वाचू दे, अडू दे. आणि मग मला सांग. नुसता रेंगाळलाय म्हणालीस तर मी शांत थांबेन. अडलाय म्हणालीस तर आठ पूर्ण होताच तपासणीला नेईन. आणि "शाळेत घाल" म्हणालीस तर दिवाळीनंतर गावच्या शाळेत दुसरीत घालेन. वयाप्रमाणे वर्ग मिळणं हा त्याचा हक्कच आहे, आणि त्या बाई त्याला नीट सांभाळतील असं वाटतं. विश्वासशी बोलून झालंय. फक्त एवढंच कर: बारशाच्या रात्रीचं मनात ठेवून सांगू नकोस आणि मला वाईट वाटेल म्हणून लपवूही नकोस.

तुझं बदलीचं काय झालं? पोर्टलवर नाव आलं का? पटाचं कळव. रोहनची दहावी, त्याला गणितात मदत हवी असेल तर इकडे पाठव, इरा ट्रे मोजायला बसवेल त्याला. काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल एव्हाना. आणि जाधवबाई निवृत्त झाल्या का खरंच?

येताना तुझ्या वर्गातल्या त्या जाड पुठ्ठ्याच्या शब्दपट्ट्या आण, वेलांटीच्या दोन्ही संचांसकट. सकाळची गारगोटी गाडी पकड, विश्वास स्टँडवर न्यायला येईल. कुठल्या दिवशी येतेस ते आधी कळव, म्हणजे त्या दिवशी ट्रे भरायचं काम ठेवता येईल.

तुझीच,
वैशाली

ता.क. मल्हारला सांगितलंय, मंगलमावशी ऊस ओळखायला शिकायला येणार आहे. तेव्हा आल्यावर तुला खरंच शिकावं लागेल.